जावयाची विकेट

भगवंतराव देवपुजारी खरं बोलू लागले, की प्रोफेसर मेहेंदळे चष्मा काढून पुसायला घेत.

अकोल्याच्या कोर्टात भगवंतरावांची वकिली जेमतेम चाले. पण त्यांचा आणखी एक उद्योग होता, तो मात्र जोरात होता आणि त्यातून त्यांना काहीही मिळत नसे. कुठल्या शाळेतला पोरगा चांगला बॉल टाकतो, कुठला बॅट नीट धरतो, हे हुडकून काढायचं आणि त्याला अमरावतीच्या एका कॉलेजात नेऊन चिकटवायचं. त्या कॉलेजच्या क्रिकेटचा कारभार प्रोफेसर गोपाळकृष्ण मेहेंदळे पाहत. ते मूळचे पुण्याचे आणि विषय तर्कशास्त्र. संशय घेण्याचे दोन्ही परवाने त्यांच्यापाशी होते.

"असा बॉलर वऱ्हाडात झाला नाही, प्रोफेसरसाहेब," भगवंतराव खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन म्हणाले.

"गेल्या खेपेसही झाला नव्हता." प्रोफेसरांचा हात चष्म्याकडे गेला.

"गेल्या खेपेचं सोडा."

"का सोडू? तुमच्या त्या बॅट्समननं प्रवेश घेतल्याबरोबर मला काय विचारलं ठाऊक आहे? माझ्या मुलाला मराठी दुसरीत घालायचंय, इथली कुठली शाळा बरी?"

"लग्न जरा लवकर झालं होतं त्याचं."

"आणि तो विकेटकीपर? ऊन कललं की त्याला दिसेनासं व्हायचं."

"पण दुपारी काय लख्ख पाहायचा!"

प्रोफेसरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्यातून भगवंतरावांकडे बराच वेळ पाहिलं. "मला एकच सांगा. तुम्हाला या खटाटोपातून काय मिळतं?"

"काही नाही."

"म्हणजे नक्की काहीतरी मिळत असलं पाहिजे."

खरं म्हणजे भगवंतरावांना एवढंच हवं होतं, की आपण पाठवलेल्या एखाद्या पोराचं नाव वर्तमानपत्रात यावं आणि बाररूममध्ये पान लावता लावता सहज म्हणावं, "आपलाच पोरगा तो." पण हे इतकं साधं कारण कोणी खरं मानील, असं त्यांना स्वतःलाही वाटत नसे. म्हणून ते गप्प बसले, आणि प्रोफेसरांचा संशय पक्का झाला.

या खेपेचा बॉलर म्हणजे अंजनगाव सुर्जीच्या नत्थुजींचा मुलगा बंडू. अकोल्याला नातलगाकडे राहून नुकताच मॅट्रिक झालेला. त्याच्या बॉलनं शाळेचा मधला स्टंप मोडला होता. ("आधीच किती कुजलेला होता?" प्रोफेसरांनी विचारलं होतं.) नत्थुजींनी पोराला साफ सांगितलं होतं, की कॉलेजात फी माफ होऊन जागा मिळाली तर जा, नाहीतर पेरणी झाली की अकोटला मामाच्या जिनात सरकी-रुई बघायला बस. आणि ती जागा एकच उरली होती आणि ती प्रोफेसर मेहेंदळ्यांच्या हातात होती.

"अकोल्याला मॅच लावतो. तुम्ही फक्त येऊन पाहा," भगवंतराव म्हणाले.

"मागे लावली होतीत ना! विरुद्ध बाजूला सगळे तुमचे पक्षकार होते. एक जण आउट होऊन परत जाताना तुम्हाला विचारून गेला, 'वकीलसाहेब, बरोबर झालं ना?' मी ऐकलंय ते." प्रोफेसर उठून उभे राहिले. "आता माझ्या अटी. जागा मी ठरवणार, दिवस मी ठरवणार, विरुद्ध बाजूची माणसं ऐन वेळी मी निवडणार आणि अंपायर मी स्वतः."

"कबूल!"

"इतक्या चटकन कबूल झालात?" प्रोफेसर पुन्हा खाली बसले.

अखेर त्यांनी ठरवलं ते असं: येत्या रविवारी, आगाऊ वर्दी न देता, थेट मुलाच्याच गावी जायचं. ज्याला तयारीच करता आली नाही, तो लबाडी कशी करणार, असा त्यांचा तर्क होता आणि तर्क म्हणून तो बिनचूक होता. फक्त त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. पंचांग प्रोफेसर कधी पाहत नसत आणि भगवंतरावांना मुली नव्हत्या, त्यामुळे दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी सर्व्हिस मोटारीतून दोघे अंजनगावला उतरले. प्रोफेसरांच्या डोक्यावर सोला हॅट आणि खांद्यावर स्टंपची पिशवी. बाजारामागच्या मैदानापर्यंत पोचेस्तोवर अर्धं गाव त्यांच्या मागं होतं.

"आम्ही येणार हे गावाला कसं कळलं?" प्रोफेसरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आता कळलं. आपल्याला पाहून."

"तेच म्हणणार तुम्ही."

काळ्या जमिनीला उन्हाळ्यानं बोट जाईल एवढाल्या भेगा पडल्या होत्या. बंडू आला. उंच, सडपातळ, हाताची बोटं लांब आणि चेहऱ्यावर रात्रभर झोप न झाल्यासारखा भाव. तो त्याचा नेहमीचाच होता. प्रोफेसरांनी त्याच्याकडे न पाहता जमावाकडे पाहिलं आणि वर्गातल्या आवाजात जाहीर केलं, "फील्डिंगला गावातले येऊ देत. पण बॅटिंगला मला या गावचा एकही माणूस नको. जे बाहेरगावचे असतील, ज्यांचं या मुलाशी रक्ताचं नातं नसेल, तेवढ्यांनीच या बाजूला यावं."

जमावात जरा चुळबूळ झाली. मग आंब्याच्या सावलीतून, बाजल्यांवरून, कोणाच्या ओसरीवरून एकेक जण उठून येऊ लागला. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, कोऱ्या धोतरातले. काहींच्या कपाळावर ताजं कुंकू, काहींच्या तोंडात विडा, आणि सगळ्यांच्या अंगाला अत्तराचा वास. बघता बघता अकरा भरले.

"वा!" प्रोफेसर प्रथमच खूश झाले. "हे कुठले?"

"हे धामणगाववाले. थे दर्यापूरवाले, थे मूर्तिजापूरवाले," कोणीतरी सांगितलं. "पाव्हने हायेत जी."

"उत्तम. एकमेकांशीही संबंध नाही."

नत्थुजी हात जोडून पुढं आले. "साहेब, एक सांगू का? हे सारे तं..."

"तुम्ही मुलाचे वडील ना? मग तुम्ही काही सांगू नका."

तेवढ्यात भगवंतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी तोंड उघडलं.

"तुम्हीही," प्रोफेसर म्हणाले.

पहिले बॅटिंगला आले धामणगाववाले. बंडूनं आंब्याच्या झाडापासून धाव घेतली. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढं फक्त कॉलेज होतं. बॉल कोणाला दिसला नाही. दिसला तो हवेत गरगरणारा मधला स्टंप. भगवंतरावांनी टाळी वाजवली. ती एकटीच वाजली.

"आउट!" प्रोफेसरांनी बोट वर केलं.

धामणगाववाल्यांनी पडलेल्या स्टंपकडं पाहिलं, बॅट हळूच जमिनीवर ठेवली, टोपी सारखी केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "असं हाय का. धोंड्याले बलावलं, अन् चारचौघात दांडी उडोली." मग ते मोटारस्टँडच्या दिशेनं चालू लागले.

एकदम कालवा झाला. कोणी त्यांच्या मागं धावलं, कोणी त्यांच्या सासूला बोलवायला धावलं. सासू माणिकबाई पदर सावरत भर उन्हात मैदानावर आल्या त्या थेट बंडूवर.

"काहून रे बंड्या, माह्या जवायाच्या मांगं काहून लागला तू? वर्सातून एकदा लेकरू येते कुठं दोन घास खाले, त्याचा असा पानउतारा करतेत का?"

"म्या काई केलं नाई, मावशी. बॉल टाकला."

"हळू टाकता येत नाई तुले? इतकं शिकून काय केलं मंग?"

माणिकबाईंची लेक तारा बांधावर उभी राहून रडू लागली. "आता हे मले माहेरी पाठोतीन का कधी?" नत्थुजींनी आपलं पागोटं उतरवून धामणगाववाल्यांपुढं धरलं. धोतरजोडी कबूल झाली, बंडूनं पाया पडून माफी मागितली, तेव्हा कुठं ते परत फिरले आणि पुन्हा बॅट घेऊन उभे राहिले.

"अहो, पण ते आउट आहेत!" प्रोफेसर म्हणाले. त्यांचं बोट अजून वरच होतं.

"तुमी कोन म्हननारे?" माणिकबाई म्हणाल्या. "पहिले थे बोट खाली करा."

प्रोफेसरांनी बोट खाली केलं आणि भगवंतरावांना बाजूला घेतलं. "पहिल्याच बॉलला माणूस बाद. मग रडारड. मग मनधरणी. मला काय वाटतं सांगू? हे सगळं बसवलेलं आहे."

"प्रोफेसरसाहेब, देवाशपथ..."

"शपथ घेऊ नका. शपथेनं संशय वाढतो."

खेळ पुढं सुरू झाला आणि बंडूमधला बॉलर संपला. तो दोन पावलं चालायचा आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा बॉल सोडायचा. धामणगाववाल्यांनी तो मारला. फील्डरनं तो अडवला, अडवल्याबद्दल ओशाळला आणि पायानंच हलके हलके सीमेपार नेऊन सोडला. दर्यापूरवाल्यांचा उंच उडालेला झेल एकाच्या हातात आपसूक बसला, तर त्यानं चटका बसल्यासारखा टाकून दिला. "चुकून लागला जी हाताले," तो दर्यापूरवाल्यांच्या सासऱ्याला ओरडून म्हणाला. सासऱ्यानं बांधावरूनच हात हलवून माफ केलं.

भगवंतराव धावत बंडूजवळ गेले. "अरे, टाक ना लेका जोरात! जागा जाते हातची!"

"कसा टाकू जी?" बंडू रडकुंडीला आला होता. "हे आशाबाईचे जवाई, थे लीलाबाईचे. एकाची दांडी उडोली तं मावशीनं साऱ्या गावादेखत उभा कापला मले."

"तुला कॉलेजात जायचंय ना?"

"कॉलेज लय दूर हाये, वकीलसाहेब. माय इथंच उभी हाये."

माय खरोखरच उभी होती. दुर्गाबाई सीमेवर, कपाळावर हाताची सावली धरून, प्रत्येक बॉल जपून पडतो आहे ना, यावर लक्ष ठेवून.

प्रोफेसरांचा धीर सुटला. "भगवंतराव, मी बनाव पुष्कळ पाहिले. पण दोन्ही बाजू एकाच बाजूनं खेळताना आज प्रथम पाहतोय."

"ऐका माझं. अधिक महिना आहे. धोंड्याच्या जेवणाला गावोगावचे जावई आलेत. हे सगळे जावई आहेत."

"अकराच्या अकरा?"

"तुम्हीच निवडलेत."

"आणि जावई आहे म्हणून बाद करायचं नाही?"

"तो एका घराचा नसतो हो. इकडे तो गावाचा असतो."

प्रोफेसरांनी हे मनाशी तपासून पाहिलं. प्रत्येक पायरी बरोबर होती, आणि म्हणूनच त्यांना ते खोटं वाटलं. "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

"मैदानावर आल्यावर कळलं!"

"तेच म्हणणार तुम्ही. ठीक आहे." त्यांनी हॅट काढून भगवंतरावांच्या हातात दिली. "आता मीच बॅट घेतो. मग पाहू."

पुण्याला शिकत असताना मेहेंदळे कॉलेजच्या दुसऱ्या टीममध्ये राखीव खेळाडू होते. त्यांना राखून ठेवलं गेलं ते कायमचंच. एकूण आयुष्यात त्यांनी फारसे बॉल मारलेले नव्हते. पण आज प्रश्न तत्त्वाचा होता. ते विकेटसमोर उभे राहिले. भगवंतरावांना प्रथमच आशा वाटली. बंडूही आंब्याच्या झाडाकडं चालू लागला, लांब धाव घेण्यासाठी. आता समोर कोणाचा जावई नव्हता.

आणि इथं प्रोफेसरांना प्रामाणिकपणा आठवला. परीक्षकानं आपला संबंध आधी उघड करावा, असा त्यांचा नियम होता. त्यांनी बॅट वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मंडळी, माझा या गावाशी काहीही संबंध नाही. पूर्ण सत्य सांगायचं तर इतकंच, की माझे कैलासवासी सासरे एके काळी इथल्या शाळेचे हेडमास्तर होते. पण त्याला फार वर्षं झाली. त्यांचं इथं घरदार काही उरलेलं नाही. तेव्हा मला कोणी आपला समजू नये."

फील्डर आपापल्या जागा सोडून जवळ सरकले.

"कोन?" नत्थुजी पुढं सरकत म्हणाले. "अन्ना हेडमास्तर?"

"हो. पण त्याचा इथं..."

"म्हंजे तुमी आमच्या सिंधूताईचे मालक?"

"असेन. पण मुद्दा असा आहे..."

"अवो माय!" दुर्गाबाई सीमा ओलांडून धावत आल्या. "सिंधूचे मालक! लहानपनी आमी संग भुलाबाई खेळलो जी! इतके वर्स झाले लगनाले, अन् एका धोंड्याले बलावलं नाई आमी!"

"मास्तरानं छड्या हानल्या म्हनून म्या सही कराले शिकलो," नत्थुजी डोळे पुसत म्हणाले. "सिंधूताई माही बहीन हाये. जवाईबापू, चुकलं आमचं."

"मी इथं जावई म्हणून आलेलो नाही!" प्रोफेसर ओरडले.

"असंच म्हनतेत रुसलेले," माणिकबाई म्हणाल्या आणि घराकडं पळाल्या.

पुढं जे झालं ते क्रिकेटच्या कोणत्याही नियमात बसत नव्हतं. तांब्याच्या ताम्हणात दिवा आला, अनारसे आले, कोऱ्या उपरण्याची घडी आली. पिचवर पाट मांडला गेला. प्रोफेसर त्यावर बसायला तयार होईनात, म्हणून उभ्याउभ्याच, हातातल्या बॅटसकट, त्यांना ओवाळण्यात आलं. कुंकवाचा टिळा लावताना माणिकबाईंचं बोट चष्म्याला लागलं आणि एक काच लाल झाली.

"बॅट ठेवा न जरा खाली, जवाईबापू."

"ठेवणार नाही. ही लाच आहे."

"लाच नाई जी. अनारसे हायेत. खाऊन तं पाहा."

त्यांनी एक खाल्ला, पुरावा म्हणून. मग दुसरा खाल्ला.

तेवढ्यात दुर्गाबाईंनी मुलाला बाजूला घेऊन बजावलं, "लय जपून टाकजो. चष्मा हाये त्याहिले." बंडूनं हताशपणे भगवंतरावांकडं पाहिलं. सकाळपासून भगवंतराव अक्षरन्‌ अक्षर खरं बोलले होते आणि त्याचा परिणाम समोर पाटापुढं उभा होता. त्यांनी बंडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ. आंब्यापासून धावत ये. नेहमीसारखा. धूळ उडव, ओरड, हात जोरानं फिरव. फक्त शेवटी बोटं सैल सोड."

"ही लबाडी नाई का जी?"

"आजच्या दिवसातली पहिली."

बंडू धावत आला. जमिनीला हादरे बसले, भेगांतून धुरळा उठला, "हा!" अशी आरोळी घुमली. प्रोफेसरांनी डोळे गच्च मिटले आणि बॅट फिरवली. बॉल आज्ञाधारकपणे तिच्या मधोमध येऊन लागला आणि फील्डरच्या पायांतून पुढं गेला. फील्डर बाजूला सरकून उभा राहिला.

"वा जवाईबापू!" गाव गरजलं.

प्रोफेसरांनी डोळे उघडले. बॉल सीमेच्या पलीकडं होता. त्यांनी बॅटकडं पाहिलं, मग बॉलकडं, मग पुन्हा बॅटकडं. दुसऱ्या बॉलला त्यांनी उपरणं कमरेला बांधलं. चौथ्याला ते पुढं होऊन मारू लागले. एकदा त्यांचा बॉल भेगेत गडप झाला, तर फील्डरांनी सगळ्या भेगा हुडकल्या, तेवढी एक सोडून. तोवर प्रोफेसर पळत राहिले. बांधावर धामणगाववाले विडा चघळत मूर्तिजापूरवाल्यांना म्हणाले, "हातात जोर हाये बुवाच्या." ऊन डोक्यावर आलं तेव्हा नत्थुजींनी पुरणाचे धोंडे निवतील असा निरोप दिला. प्रोफेसर नाबाद राहिले आणि जेवणापर्यंत त्यांनी बॅट सोडली नाही. जेवतानाही ती भिंतीला, हाताशी टेकवलेली होती.

मोटार परतीच्या वाटेला लागली. भगवंतरावांच्या मांडीवर अनारशांचा डबा होता, तो सिंधूताईंसाठी. प्रोफेसर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या मुलाला मी घेतो."

भगवंतरावांच्या हातून डबा पडता पडता राहिला. "खरं?"

"बाकीच्यांना त्यानं सोपे बॉल टाकले, हे उघड आहे. तेवढ्यावर मी त्याला नाकारलाच होता. पण माझ्याशी खेळताना जो वेग होता... अहो, बॉल दिसतच नव्हता! मी जो खेळलो, तो अंगच्या कसबावर. त्याला उद्याच पाठवून द्या. प्रिन्सिपॉलांशी मी बोलतो. ती जागा त्याची."

"उपकार झाले."

"उपकार कसले? प्रत्यक्ष प्रमाण आहे." ते थांबले. मोटार एका खड्ड्यातून वर आली. मग त्यांनी मान वळवली. "भगवंतराव, एक खरं सांगाल? मला त्यानं... सोपे टाकले नाहीत ना?"

भगवंतरावांनी डब्याचं झाकण नीट बसवलं.

"छे हो! उलट तुमच्या वेळी त्याला चेवच चढला होता. मी म्हटलं, आता प्रोफेसरांचं कसं होतं!"

प्रोफेसरांचा हात चष्म्याकडे गेला नाही. "मलाही तसंच जाणवलं," ते म्हणाले.

भगवंतरावांनी सुस्कारा सोडला. बंडू सुटला, मामाचं जीन मागं पडलं. आता त्याचं नाव वर्तमानपत्रात येईल, आणि बाररूममध्ये पान लावता लावता कसं सहज म्हणायचं, याची ते मनातल्या मनात तालीम करू लागले. बाहेर कापसाची रिकामी रानं मागं पळत होती. अमरावती जवळ आली तेव्हा प्रोफेसर अगदी सहज, जणू हवापाण्याबद्दल विचारावं तसं म्हणाले,

"पुढचा अधिक कधी येतो हो?"

भगवंतराव चमकले. त्यांनी वळून पाहिलं. प्रोफेसरांनी चष्मा काढला होता आणि नव्या उपरण्याच्या टोकानं, कुंकू लागलेली काच ते सावकाश पुसत होते.